लालबागचा मुलांचा भाषेचा क्लास : नऊ महिने पाठवल्यावरचा रिव्ह्यू

माझी लेक गेल्या जूनपासून लालबागमधल्या एका छोट्या क्लासला जातेय. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेचार ते सहा, फी महिन्याला १,२०० रुपये. ही ट्यूशन नाही आणि स्पीच थेरपी पण नाही. बालवाडीत तीस वर्षं शिकवून रिटायर झालेल्या एक ताई आपल्या घराशेजारच्या खोलीत मुलं जमवतात, त्यांच्याशी बोलतात, त्यांच्याबरोबर काहीतरी काम काढतात, बास. नाव-नंबर कुठे टाकू नकोस असं ताईंनी मला बजावलंय कारण दोनच बॅच आहेत आणि तेवढीच मुलं झेपतात, त्यामुळे टाकत नाही. पण चिवडा गल्लीच्या अंगाला कोणालाही विचारलंत तर जिना दाखवतील. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला तेही सांगते.

आधी इथवर कशी पोचले ते. लेक नर्सरीत असताना शाळेच्या रिपोर्टवर तीन शेरे आले होते. शब्दसंग्रह कमी आहे, आकार ओळखत नाही, आणि काम करताना स्वतःशी पुटपुटते. मी त्या रात्री झोपले नाही. सगळ्यात आधी कान तपासून घेतले, आणि हे मी सगळ्यांनाच सांगेन, मूल कमी बोलतंय असं वाटलं तर क्लास, ॲप वगैरे नंतर, आधी कान तपासा आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. आमचं सगळं व्यवस्थित निघालं. मग घाबरून एक शब्द शिकवायचं ॲप घेतलं, वर्षाचे साडेआठ हजार एकदम भरून. चार महिन्यांत तिला शंभर-सव्वाशे इंग्रजी शब्द पाठ झाले, पेंग्विन, इग्लू, सबमरीन, सगळं. पण खाली मैदानात कोणी तिचा बॉल घेतला तर तो परत मागायला तिच्याकडे एक वाक्य नसायचं, ती वळून माझ्याकडे बघायची. शब्द होते पण ते कोणाला तरी सांगायचे असतात हे त्या टॅबवर शिकायची सोयच नव्हती.

तेव्हा मला माझं जुनं काम आठवलं. माझं बी.एड. झालंय आणि लग्नाआधी दोन वर्षं मी एका संशोधन प्रकल्पात लहान मुलांच्या बोलण्याची रेकॉर्डिंगं ऐकून लिहून काढायचं काम केलंय. पहिल्या महिन्यात आम्ही फक्त मुलाचे शब्द लिहीत होतो, किती बोललं, किती वेगळे शब्द वापरले. मग आमच्या मॅडमनी तक्ताच बदलला. मूल काय बोललं याच्या शेजारी मोठं माणूस आधी काय बोललं, नंतर काय बोललं, दोघांच्या हातात काय होतं, दोघं कुठे बघत होते, असे रकाने आले. काम चौपट वाढलं आणि आम्ही कुरकुर केली, पण महिन्याभरात कळलं की तीच टेप ऐकून आता वेगळंच दिसतंय. ज्या मुलाला आम्ही 'कमी बोलणारा' म्हणून टिक केलं होतं त्याची आई त्याला बोलायला जागाच देत नव्हती, प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देत होती. भाषा मुलाच्या डोक्यात किती साठलीय हे मोजायचं सोडून ती दोन माणसांमध्ये कशी तयार होतेय ते बघायचं, हा जो बदल आहे ना, तोच समाज-सांस्कृतिक सिद्धांताने, म्हणजे मूल इतर माणसांसोबत वावरूनच बोलायला आणि विचार करायला शिकतं या लेव्ह वायगॉत्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या विचाराने, संशोधनात आणला. बी.एड.ला हे मी पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं, समजलं मात्र त्या टेपा ऐकताना.

आणि ॲपबद्दल तर थेट पुरावा आहे. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली सिएटलमधला एक प्रयोग छापला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली ९ महिन्यांची बाळं घेतली आणि त्यांना मँडरिन चिनी ऐकवली. काही बाळांसमोर खरी चिनी बोलणारी माणसं बसून पुस्तकं वाचायची, खेळणी दाखवायची, असं १२ वेळा, दर वेळी साधारण २५ मिनिटं. बाकीच्यांना तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं नाहीतर नुसतं ऐकवलं. माणसांसमोर बसलेल्या बाळांना चिनीतले ते बारीक वेगळे आवाज ओळखू यायला लागले, आणि टीव्हीवाल्या, नुसतं ऐकणाऱ्या बाळांमध्ये काही फरक पडला नाही. पण यावरून स्क्रीन वाईटच असं मी म्हणणार नाही, कारण नंतरच्या अभ्यासांत दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवीन शब्द शिकली आहेत, समोरचं माणूस खरंच त्यांना बघून उत्तर देत असेल तर. माझी आई देवगडला असते आणि रोज रात्री नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलते, 'आज काय जेवलंस, दाखव ताट' असं. त्या वीस मिनिटांत ती त्या साडेआठ हजारांपेक्षा जास्त बोलते हे मी आधीच बघायला हवं होतं.

आता क्लासबद्दल. पहिल्या दिवशी ताई पालकांना बसू देतात. खोली लहान, दहा बाय बाराची असेल, भिंतीला लागून दोन ट्रंका, एका कोपऱ्यात सूप, चाळण, पाटा, जुने डबे, वजनकाटा. एकही चार्ट नाही. ताईंनी लादीवर खडूने एक त्रिकोण काढला आणि विचारलं, 'हे कशासारखं दिसतंय?' माझी लेक माझ्या मांडीवरून हळूच म्हणाली, समोसा. माझ्या पोटात गोळा आला कारण हेच तर तिने शाळेत सांगितलं होतं आणि त्याच्यावरच शेरा आला होता. ताई म्हणाल्या, 'हो की, समोसाच दिसतोय, अजून?' मग कोणी देवळाचं टोक म्हणालं, कोणी घडी घातलेला रुमाल, कोणी सँडविच कापल्यावर होतं ते. सगळं ऐकून घेतल्यावर ताईंनी विचारलं, समोशाला कोपरे किती, रुमालाला किती, सगळ्यांनी बोटं लावून मोजले, आणि मग त्यांनी सांगितलं की तीन कोन आहेत म्हणून याला त्रिकोण म्हणायचं, तुमच्या शाळेत ट्रँगल म्हणतात. अख्ख्या गोष्टीला दहा मिनिटं लागली असतील. माझ्या लेकीचं उत्तर पहिली पायरी म्हणून वापरलं गेलं, चूक म्हणून नाही.

हा जो 'कशासारखं' प्रश्न आहे त्याच्यावर थोडं थांबते कारण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. अलेक्झांडर लुरिया, वायगॉत्स्कीचा सहकारी, १९३१ आणि ३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला होता. शाळा न पाहिलेल्या बायकांना त्याने गोल, चौकोन, त्रिकोण दाखवले तर त्यांनी ताटली, चंद्र, बादली अशी ओळखीच्या वस्तूंची नावं दिली. शिक्षक व्हायचं शिकत असलेल्या मुलींनी मात्र भूमितीतली नावं सांगितली. म्हणजे आकार डोळ्यांना सगळ्यांनाच दिसत होता, कोणत्या पेटीत टाकायचा ते शाळेने शिकवलं होतं. लुरियाने यातून ती माणसं विचारांत मागे आहेत असं जे सुचवलं ते आज फारसं कोणी मान्य करत नाही आणि मलाही पटत नाही, पण प्रयोग डोक्यातून जात नाही. मग शर्ली ब्राइस हीथ यांचं १९८३ चं काम आहे, अमेरिकेतल्या कॅरोलायना भागात गिरणीकामगारांच्या दोन वस्त्यांत त्या कित्येक वर्षं जाऊन-येऊन राहिल्या. एका वस्तीत आया मुलांना 'हे काय आहे, याचा रंग कोणता' असे उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारायच्या, शाळेत विचारतात तसेच. दुसऱ्या वस्तीत असे प्रश्न कोणी विचारायचंच नाही, तिथे मुलांना विचारायचे 'हे कशासारखं आहे?' आणि ती मुलं उपमा द्यायला हुशार होती, पण शाळेत गेल्यावर बाई उत्तर माहीत असून का विचारतायत हेच त्यांना कळेना. गिरणगावात बसून गिरणीकामगारांच्या वस्त्यांवरचं हे सगळं आठवणं मला त्या दिवशी फार लागलं. आमच्या घरात पाहुणे आले की 'काकांना नाक दाखव, कान कुठेय' हेच चालतं, आणि माझी लेक दिवसभर असायची ती आमच्या सासूबाईंजवळ, त्या उपमा दिल्याशिवाय वाक्य बोलत नाहीत. तिचा समोसा तिथून आला होता.

पहिल्या दिवशीच्या त्या समोशानंतर पाच आठवडे लेक क्लासमध्ये एक शब्द बोलली नाही. दाराजवळ बसायची, बघायची. मी दोनदा ताईंना म्हटलं की हिला बोलवा ना मध्ये, मोठी मुलं हिच्या आधीच उत्तरं देतात. ताई म्हणाल्या, 'अगं बसू दे तिला, ती काम करतेय.' मला ते तेव्हा पटलं नव्हतं, पैसे वाया जातायत असंच वाटत होतं. नंतर आठवलं की जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये हेच लिहिलंय, लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण देऊन. तिथे नवा मुलगा दुकानात आला की त्याला कापड कापायला देत नाहीत, आधी तयार कपड्याला बटण लाव, काठ दुमड, इस्त्री कर. म्हणजे कडेला बसूनही तो अख्खा कपडा रोज बघत असतो. माझ्या लेकीला ताईंनी पाच आठवडे डब्यांची झाकणं लावायचं काम दिलं होतं, मला ते काम वाटलंच नव्हतं. सहाव्या आठवड्यात कोणीतरी चुकीचं झाकण लावलं आणि ही दारातून ओरडली, 'ते नाही, ते धण्याचं आहे!' क्लासमधलं तिचं पहिलं वाक्य.

आता मला सगळ्यात जास्त ज्याच्याबद्दल लिहायचंय ते. मसाल्याचा सीझन सुरू झालाय, लालबागची मसाला गल्ली तुम्हाला माहीत असेलच, बाहेर ब्याडगी आणि संकेश्वरीच्या राशी आणि आत कांडपाचा धाडधाड आवाज, रुमाल नाकाला लावूनच जायचं. ताई मुलांना तिथून फिरवून आणतात आणि खोलीत आल्यावर धणे निवडायला बसवतात, मिरच्यांना हात लावू देत नाहीत. धणे सुपात घेऊन पाखडायचे. माझ्या लेकीने आयुष्यात सूप धरलं नव्हतं, आमच्या घरी सगळं पाकिटातून येतं. ताई तिच्या मागे बसल्या, तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि दर झटक्याला म्हणत गेल्या, 'वर, आणि आपल्याकडे ओढ, वर, आणि आपल्याकडे ओढ.' थोड्या वेळाने एक हात काढला. मग दुसरा काढला आणि नुसतं बोलत राहिल्या. धणे सांडायला लागले की परत एक हात. मग बोलणंही कमी केलं, नुसतं 'वर', बाकीचं तिने समजून घ्यायचं. शेवटी गप्प बसून दुसऱ्या मुलाकडे वळल्या. मी दारातून बघत होते आणि खरं सांगते, अंगावर काटा आला, कारण मी हे छापलेलं वाचलंय आणि असं स्वच्छ कधी बघितलं नव्हतं.

वुड, ब्रूनर आणि रॉस यांचा १९७६ चा अभ्यास. तीन, चार आणि पाच वर्षांची ३० मुलं, लाकडाचे २१ ठोकळे एकमेकांत बसवून पिरॅमिड करायचा, जो त्यांना एकट्याने जमणार नाही, आणि शिकवणारी बाई काय करते ते बारकाईने टिपायचं. मुलाला कामाकडे ओढायचं, काम सोपं करून हातात द्यायचं, भरकटलं तर परत आणायचं, महत्त्वाचं काय ते दाखवायचं, चिडचिड आवरायची, करून दाखवायचं, अशी मदतीची सहा कामं त्यांनी मांडली आणि या मदतीला जो शब्द वापरला तो म्हणजे आपली परांची. ताईंच्या समोरच्याच बिल्डिंगचं रिपेअर चाललंय, बांबूची परांची बांधलीय, रोज येता-जाता दिसते. परांची आपल्याला भिंत बांधून देत नाही, भिंतीपर्यंत पोचवते, आणि काम झालं की सोडायची असते. बऱ्याच ठिकाणी बांधणारे खूप भेटतात, सोडणारे फार कमी. मी स्वतः लेकीचं बूट घालून देणं सोडलं नव्हतं अजून.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. त्या रात्री घरी लेकीने स्वयंपाकघरातलं ताट घेतलं, त्यात चार शेंगदाणे टाकले, आणि एकटीच बसून पाखडायला लागली, आणि तोंडाने हळू आवाजात, 'वर, आणि आपल्याकडे ओढ.' ताईंचंच वाक्य, ताईंच्याच चालीत, पण आता सांगणारी तीच आणि ऐकणारी पण तीच. आठवड्याभराने ओठ नुसते हलत होते. आता तेही हलत नाहीत, हात बरोबर चालतो.

शाळेने 'स्वतःशी पुटपुटते' म्हणून जो शेरा मारला होता तो हाच. लेव्ह वायगॉत्स्कीने याच्यावर प्रयोग केलेत. त्याच्या आधी पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या अशा बडबडीला आत्मकेंद्री म्हटलं होतं, म्हणजे समोरच्याचा विचार अजून करता येत नाही म्हणून, मूल मोठं झालं की गळून जाते. वायगॉत्स्कीने काय केलं, चित्र काढणाऱ्या मुलांच्या कामात मुद्दाम अडथळे आणले, हवी ती पेन्सिल ठेवलीच नाही वगैरे, आणि अडचण आली की ही बडबड जवळजवळ दुप्पट व्हायची. मूल म्हणायचं, निळी पेन्सिल कुठेय, नाहीये, जाऊ दे, लाल घेते आणि ओली करते. म्हणजे ते बोलून विचार करत होतं. एक साडेपाच वर्षांचा मुलगा ट्राम काढत होता आणि पेन्सिलीचं टोक मोडलं, तो 'मोडली' असं पुटपुटला आणि मग अपघातात मोडलेली ट्रामच काढून मोकळा झाला, एका शब्दाने त्याचं पुढचं चित्र ठरलं. वायगॉत्स्कीचं म्हणणं असं की हे बोलणं गळून जात नाही, आत जातं आणि मनातलं बोलणं होतं. आधी दोन माणसांमध्ये, मग एकाच्या आत. हा माणूस १९३४ साली टीबीने ३७ व्या वर्षी गेला, त्याचं विचार आणि भाषेवरचं पुस्तक त्याच वर्षी आलं आणि नंतर कित्येक वर्षं सोव्हिएत देशात ते दडपलेलंच राहिलं. मी त्या शेऱ्याबद्दल शाळेत जाऊन बोलले, भांडायला नाही गेले, सुपाची गोष्ट सांगितली. पुढच्या टर्मला तो शेरा आला नाही.

वयं मिसळलेली आहेत, चार ते आठ, आणि हे मला आधी खटकलं होतं, आता आवडतं. वायगॉत्स्कीने ज्याला निकटच्या विकासाचं क्षेत्र म्हटलं, म्हणजे मूल आज एकट्याने काय करू शकतं आणि कोणाच्या तरी सोबतीने काय करू शकतं यातलं अंतर, त्यात सोबत मोठ्या माणसाचीच हवी असं नाही, जास्त येणारं दुसरं मूल पण चालतं. आणि जास्त येणारं कोण हे दर दिवशी बदलतं. एक आठ वर्षांचा मुलगा आहे, घरी भोजपुरी, वडील मसाल्याच्या दुकानात कामाला, मराठी शाळेत गणितात कच्चा म्हणून शिक्का. त्याला सगळ्या मिरच्या वासावरून कळतात, आणि पाव किलोचे किती, दीड किलोचे किती हे तो बोटं न मोडता सांगतो, बाकीची सगळी मुलं त्याच्याभोवती. ब्राझीलमधल्या रेसिफेच्या बाजारातल्या मुलांवरचा, १९८५ साली छापलेला असाच अभ्यास आहे, पाच मुलं, विक्री करताना विचारलेली जवळजवळ ९८ टक्के गणितं बरोबर, तीच गणितं कागदावर नुसती मांडून दिली तर साधारण ३७ टक्के. एक नारळ ३५ ला तर दहा कितीला, मुलगा सांगतो तीन म्हणजे १०५, अजून तीन म्हणजे २१०, असं करत ३५० ला पोचतो, शून्य लावायच्या भानगडीत पडत नाही. ताईंनी त्या मुलाला दर गुरुवारी वजनकाट्यावर बसवलंय. त्याच्याकडून माझ्या लेकीने 'छटाक' हा जुन्या वजनाचा शब्द उचलला, तो त्याने कुठून उचलला माहीत नाही.

खेळही आहेत. मुलांचा आवडता म्हणजे लोकल. ट्रंका लावून डबे करतात आणि एक जण अनाउन्समेंट करतो, 'पुढील स्टेशन करी रोड, अगला स्टेशन करी रोड, नेक्स्ट स्टेशन करी रोड.' माझी लेक मराठीत तिकीट मागते, धक्का लागला की हिंदीत भांडते आणि टीसी झाली की इंग्रजीत बोलते. मला वाटायचं तीन भाषांची खिचडी होतेय म्हणून बोलणं मागे पडलं असेल. इथे बघितलं तर कोणती भाषा कोणाशी हे तिला चोख माहितीये, मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या माणसासारखं. ताई कधी कोणाला 'मराठीतच बोल' असं म्हणत नाहीत, स्वतः मात्र भरभरून मराठी बोलतात, पाखडणे, चाळणे, वेचणे, निवडणे हे चार वेगवेगळे शब्द आहेत हे मुलांना हातातून कळलंय.

आता अर्धा स्टार. गुरुवारी दोन्ही बॅच एकत्र बसतात आणि चौदाची वीस मुलं होतात, त्या खोलीत ते फार होतं, एक पंखा, एप्रिल-मे मध्ये काय होणार माहीत नाही, आणि वीस मुलांत ती सुपासारखी गोष्ट घडूच शकत नाही, ताईंना दोनच हात आहेत. मी त्यांना सांगितलंय, त्या म्हणतात बघते. तिसरा मजला, लाकडी जिना, लिफ्ट नाही, आजी-आजोबा सोडायला येणार असतील तर विचार करा. गणपतीत लालबागमध्ये शिरताच येत नाही त्यामुळे क्लास अकरा-बारा दिवस बंद असतो आणि फी कमी होत नाही, हे आधी सांगायला हवं. पालकांना रिपोर्ट, फोटो काही मिळत नाही, विचारलं तर ताई जिन्यात उभं राहून दोन मिनिटं सांगतात, पण विचारावं लागतं.

अजून एक, त्यांच्या भाचीने छापलेल्या पत्रकावर 'वायगॉत्स्की पद्धतीने शिक्षण' असं लिहिलंय, ते काढावं असं मला मनापासून वाटतं. वायगॉत्स्कीने बालवाडीची तयार पद्धत लिहून ठेवलेली नाही, आणि ताईंनी हे त्याच्याकडून घेतलेलंच नाही. त्यांनी स्वतः मला सांगितलं की ट्रेनिंगमध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ शिकवल्या होत्या, कोसबाडला जाऊन त्यांनी काम बघितलं होतं. त्या दोघींनी १९४५ पासून आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, बिया, शंख, पानं हेच शिकवायचं साहित्य केलं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मुंबईपासून लोकलने डहाणूपर्यंत जाता येतं इतकं हे जवळ घडलंय. पत्रकावर ती नावं असायला हवीत. रशियन नाव बघून मी आत गेले हे खरं, पण आत जे चाललंय ते इथलं आहे.

कोणासाठी नाही तेही सांगते. पहिलीच्या ॲडमिशनसाठी एबीसीडी आणि आकडे पक्के करून हवे असतील तर इथे येऊ नका, तुम्ही पण वैतागाल आणि ताई पण. मुलाला डॉक्टरांनी थेरपी सांगितली असेल तर ती आधी, हा क्लास तिच्याऐवजी नाही.

नवीन बॅच जूनमध्ये, चार-पाच जागा होतील असं ताई म्हणाल्यात कारण मोठी मुलं क्लास सोडतायत. मे अखेरीला संध्याकाळी सहानंतर जाऊन भेटा, क्लास चालू असताना मधे नको. पहिल्या दिवशी बसायला मिळतं तर नक्की बसा आणि मूल बोललं नाही तर त्याच्या वतीने बोलू नका, मी तेच केलं होतं. सोबत झाकण असलेला एक जुना डबा द्यायचा असतो, प्लास्टिकचा नको, आवाज येणारा हवा.